वाटणी

केयोनच्या धक्क्यावर एवारिस्तो पाणबुड्या
पहाटे बादलीभर अर्चिन ठेवून गेला.
काटे अजून हलत होते.
त्यातले दोन ओतिलियाने, त्याच्या मुलीने,
प्रयोगशाळेत नेले.

काचेवर एक अंडं, नुकतंच फळलेलं.
दोन तास काहीच नाही. हीटर कुरकुरतो.
मग मधोमध चुणी,
कणकेच्या गोळ्याला दोरा आवळावा तशी.
आणि दोन.

दोनाचे चार, चाराचे आठ,
गोळा मात्र होता तेवढाच.
अशी वाटणी तिने पाहिली नव्हती.
होडी आणि जाळी वाटून घेतल्यावर
बाप नि काका सहा वर्षं बोलले नव्हते.
इथे ज्याला त्याला अख्खा दस्तऐवज,
कानामात्राही न गाळता.

पण आठाचे सोळा होताना
चार अगदीच बारके निघाले, एका टोकाला.
चुकलं नव्हतं काही.
सांगाडा पुढे हेच बारके रचतात.
तिने वहीत वेळ लिहिली,
चहा थंडच प्यायली.

दुपारी धक्क्यावर बापाने सुरीने एक अर्चिन फोडला,
लिंबू पिळलं.
आत नारिंगी, पाच जिभा.
“खा,” म्हणाला,
आणि तीन तिच्याकडे सरकवल्या.