हातचा

ट्रॉम्सोला नोव्हेंबरअखेर सूर्य रजेवर जातो,
भरदुपारी बारालाही आम्ही दिवा लावून बोलतो.
समोर हाल्वोर. वय त्रेसष्ट.
साडेतीन हजार पित्ताशयं काढलेले दोन हात
कॉफीच्या मगाभोवती.
मी रेकॉर्डर सुरू करते.
माझं कामच ते, विचारणं.
डॉक्टर मी नव्हे. रक्त दिसलं की
मला अजून खाली बसावं लागतं.

चित्रफीत थांबवते : सतरावं मिनिट.
इथे तुम्ही थांबलात. का?
"थांबलो? छे."
पुन्हा दाखवते.
मान तिरकी करून तो स्वतःच्याच हाताकडे बघतो,
बसमध्ये समोर येऊन बसलेल्या
अनोळखी माणसाकडे बघावं तसा.
"हात थांबला," म्हणतो. "मला विचारलं नाही त्यानं."

शाळेत बेरीज करताना
हातचा कागदावर लिहायचा नसे.
बोटावर धरायचा, पुढच्या घरात मिळवायचा,
उत्तर आलं की विसरून जायचा.
या माणसाचे किती हातचे
कुठल्या कुठल्या बोटांवर राहून गेलेत!
पुस्तकात नुसतं उत्तर छापलंय :
नलिका ओळखावी, क्लिप लावावी, कापावी.
ओळखावी.
कशी?

चौथ्या दिवशी, माशाच्या सुपात पाव बुडवता बुडवता,
मी काहीच विचारलेलं नसताना :
"जाड वाटली ती. क्लिप अंगाला अपुरी पडेल अशी."
मग?
"मग पित्ताशय उलटून मागून बघितलं."
काय बघितलं?
"दोनच दोऱ्या आहेत ना, आणि दोन्हींच्या मधून
पलीकडे यकृत दिसतंय ना.
वाळत घातलेल्या कपड्यांमधून शेजाऱ्याची भिंत दिसते तसं.
भिंत दिसली नाही तर मी कापत नाही."
आणि पाव तोंडात टाकून
स्वतःच चमकला.

असे एकेचाळीस निघाले.

आता सुनिवा, शिकाऊ, दुसरं वर्ष,
पहाटे पार्किंगमध्ये इंजिन बंद करून बसते.
डोळे मिटलेले. काचेवर बर्फ साचतोय.
स्टिअरिंगवर बोटं हलतात :
डावीत पकड, उजवीत कात्री,
ओठांत एकेक पायरी.
मधेच मुद्दाम रक्त काढते,
मनातल्या मनात पडदा लाल होऊ देते,
मग ते थांबवते.
"काल एकाला मारलाच," हसत म्हणाली एकदा,
आणि हसू पुरतं व्हायच्या आत गप्प झाली.

डिसेंबरात हाल्वोर माझ्या दारात. कोटही न काढता :
"तू विचारत सुटलीस आणि काल माझा हात अडखळला.
तीस वर्षं जो जिना धावत उतरलो
तो काल पायऱ्या मोजत उतरलो."
मी खुर्ची पुढे केली. बसला नाही.
चुकलं का माझं?
अंगवळणी पडलेलं अंगावरून उतरवून घ्यावं
तर माणसाला थंडी वाजणारच.
इथे तर उणे अकरा.

रात्री माझाही डोळा लागत नाही.
छताकडे बघत मी पित्ताशय काढते.
चरबी बाजूला, पडदा सोडवायचा, घाई नाही.
उभ्या जन्मात सुरी न धरलेली मी
सतराव्या मिनिटाला थांबते
आणि भिंत दिसतेय का बघते.

जानेवारीत, सूर्य डोंगरामागून
नुसता कपाळाएवढा वर आला त्या आठवड्यात,
सुनिवाची पहिली, स्वतःची.
मी बाहेर, बाकावर. पडद्याकडे पाठ.
दाराच्या गोल काचेतून फक्त हाल्वोर दिसत होता,
हात मागे बांधून, पाठमोरा.
आतून तिचा आवाज आला, कुणालाही उद्देशून नसलेला :
"थांबते. मागचं अजून दिसत नाही."

तो बोलला नाही.
पण पाठीमागे बांधलेल्या त्या हातांची बोटं,
इतका वेळ आपापसांत काहीतरी करत असलेली,
थांबली.

मी मांडीवर बघितलं.
माझीही.