तळघरातलं यंत्र

हे कुणा एका विभागाचं नाही जी.
सकाळी स्थापत्यचे गजभिये कोराडीच्या राखेची वीट दाबतात,
दुपारी मेडिकलहून लांजेवार डॉक्टर
बर्फाच्या डब्यात बकऱ्याचं हाड आणतात,
संध्याकाळी रसायनची उरकुडे
संत्र्याच्या सालीची फिल्म ताणते. वास सुटतो.

वहीत नोंद मी करतो:
कोण, काय, किती न्यूटनवर तुटलं.

मे महिना. कूलरची ताटी कोरडी.
लाईन गेली, तिघं एकदमच अडकले.
डॉक्टरनं राख चिमटीत धरली,
पोरीनं हाडाला नख लावून पाहिलं.
"सालीत राख कालवून यावर चढवली तर?"
कोण बोललं, अंधारात कळलं नाही.

लाईन आली.
'कोण'च्या रकान्यात तीन नावं मावेनात,
मी समासात लिहिली.
किती न्यूटनवर, ते अजून कोरं.