उसने चाळीस

उणे अठ्ठावीस. औलूत या दिवसांत
दहा वाजता उजाडतं, तेही हात आखडून.
आत्ता पहाटेचे तीन.
हिल्क्काच्या पडद्यावर एकच ओळ, खालून वर सरकत:
जोडणी शिल्लक नाही. थांबा.
जोडणी शिल्लक नाही. थांबा.

शहराला ऊब वाटणारा हा सर्व्हर.
आठ हजार घरांतून दर मिनिटाला आकडे येतात:
एकवीस, साडेएकोणीस, बावीस.
प्रत्येक आकड्यामागे एक थ्रेड,
थ्रेडला डेटाबेसपर्यंत जायला एक जोडणी,
आणि जोडण्या सगळ्या मिळून चाळीस.
पुरतात.
घेणाऱ्याचा हात परत देणारा असेल
तर चाळीस पुष्कळ.

कोड तोईवोचा. तोईवो निवृत्त झाला,
गोठलेल्या समुद्राला भोक पाडून गळ टाकून बसतो.
त्याच्या राहून गेलेल्या मगातून गार चहा पीत
हिल्क्का त्याच अकरा ओळी चौथ्यांदा वाचते.
पहिलीत घेतलंय. शेवटचीत दिलंय. मधलं सगळं स्वच्छ.
आणि मग दिसतं:
सहाव्या ओळीला मागचं दार.
आकड्याऐवजी नुसती रिकामी जागा आली
तर थ्रेड तिथूनच निघून जातो,
जोडणी खिशात तशीच.

चोर नाही तो.
त्याला कुणी सांगितलंच नव्हतं
की पडत धडपडत बाहेर जातानाही
उसनं परत ठेवायचं असतं.

दहा दिवस. चाळीस वेळा.

घाईघाईनं ती मागच्या दारावरही लिहिते: परत दे.
चार वाजता सगळं सुरळीत.
चार वाजून वीस मिनिटांनी काकोलातल्या
एका तान्ह्या बाळाच्या खोलीत
तापमान ब्याऐंशी.

बाळ गाढ झोपेत. ब्याऐंशी असतात
रात्रपाळीहून परतलेल्या कुणाच्या तरी सौनाचे.
मागच्या दारानं निघालेला थ्रेड
जाता जाता पुढच्या दारालाही हात लावून गेला,
एकच जोडणी दोनदा परत आली,
यादीत दोनदा चढली, दोघांना मिळाली.
यादीला कडी होती. एका वेळी एकच हात आत.
पण कडीला काय ठाऊक
की ठेवलं जातंय ते मघाचंच आहे.

न दिलेलं निदान कमी पडतं, कळतं तरी.
दोनदा दिलेलं कळत नाही,
ते फक्त एकाचं पाणी दुसऱ्याच्या घागरीत ओततं.

हिल्क्का दोन्ही 'परत दे' खोडते.
सांभाळायचं काम थ्रेडच्या आठवणीवर ठेवत नाही,
उंबरठ्यालाच बांधते:
तो ओलांडला की जोडणी जागेवर,
दार कुठलंही असो, चाल कशीही असो,
एकदाच.
उतू नये, मातू नये, घेतलं उसनं दोनदा फेडू नये.

नऊला ती फोन लावते. रिकाम्या जागा
सगळ्या एकाच घरातून आल्यात:
तुइरा, चौथा मजला, सुलो व्हॅहॅकांगास.
"ते यंत्र? त्याचा हिरवा दिवा कुत्र्याला झोपू देत नव्हता.
चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये टाकलंय."
कधीपासून?
"झाले दहा दिवस."
आणि ड्रॉवर उघडता कधी?
"कॉफीला. दिवसाला चार.
चौथी रात्री अडीचला, तेव्हा जाग येतेच.
काल पाचवीही केली, सव्वाचारच्या सुमाराला."

ड्रॉवर ओढल्याचा आवाज. सैल बॅटरी खुळखुळते.
ते भिंतीवर टांगतात, दिव्यावर सदऱ्याचं बटण चिकटवून.
पडद्यावर येतं: सोळा.
सोळा, ती म्हणते. गार आहे हो तुमचं घर.
"हो का? मला वाटलं, मीच."

ती व्हॉल्व्ह उघडते. दोघंही थोडा वेळ फोन ठेवत नाहीत.
"तुमचं काही राहिलंय का माझ्याकडे?"
शिल्लक अडतीस. चाळीस. एकोणचाळीस.
"नाही," हिल्क्का म्हणते,
"सगळं ये-जा करतंय."