तुर्दाकून दातांनी ऐकतो

नारीनमध्ये पाल नसते.
तरी पहाटे साडेपाचला, उणे सव्वीसमध्ये,
बुरूलच्या जुन्या ऑडीच्या बॉनेटखाली
काहीतरी चुकचुकतं,
टक टक टक टक,
पाय दाबला की घाईघाईनं,
सोडला की सावकाश.
आणि दवाखान्याच्या फाटकाशी पोचेस्तोवर
चिडीचूप.

तीस वर्षांची गाडी. पाच सिलिंडर.
मालकांच्या यादीत बुरूल सहावी.
रात्रपाळीत ती माणसांच्या छात्या ऐकते,
कुठे पाणी साठलंय, कुठली झडप मिटत नाही,
हे तिला स्वेटरवरूनही कळतं म्हणतात.
या एका छातीपुढे मात्र तिचं काही चालेना.

टॅपेट, म्हणाला बाजारातला तेलवाला
आणि त्यानं महागातलं तेल गळ्यात मारलं.
बेअरिंग, म्हणाला दीर,
बेअरिंग गेलं म्हणजे इंजिन गेलं, आत्ताच विकून टाक.
गिऱ्हाईकही त्याच्याकडे तयार होतं:
तो स्वतः.

तुर्दाकूनच्या गॅरेजात तिनं गाडी तीनदा नेली.
तीनदा ती वाटेत तापून पोचली,
पाहुण्यांसमोर द्वाड पोरानं
हाताची घडी घालून बसावं, तशी.
तुर्दाकूननं बॉनेट उघडलं, मिटलं.
'दुखणं उठतं तेव्हाच बघायला हवं,' म्हणाला,
आणि गुरुवारी पाचाच्या आत
पायी तिच्या अंगणात हजर.

त्याचा एक कान खाणीतल्या सुरुंगानं नेला,
उरलेल्याला ऐकू येतं ते
बहुतेक त्याच्या बायकोलाच ठाऊक.
म्हणून तो लांब स्क्रूड्रायव्हरची लाकडी मूठ
दातांत धरतो,
पोलादी टोक इंजिनावर टेकवतो,
डोळे मिटतो.

बुरूलनं इंजिनावरचं जुनं नमद्याचं पांघरूण काढलं.
किल्ली फिरवली. एकदा दातखीळ, दुसऱ्यांदा खोकला,
तिसऱ्यांदा लागली.
टक टक टक टक.
तो टोक वर टेकवी. मान नाही म्हणे.
खाली टेकवी. नाही.
काचेआडून ती त्याच्या तोंडाकडे बघत होती
आणि तिला कळलं,
नातेवाईक आपल्याकडे कसे बघतात ते.

इतक्यात सासू, कलीपा,
तव्यात आर्चाच्या फांद्या धुमसत घेऊन आली.
गाडीला कुणाची तरी दृष्ट, दुसरं काय.
'अहो, पेट्रोल आहे!' तुर्दाकून ओरडला,
दातांतला स्क्रूड्रायव्हर बर्फात.
तिनं ऐकलं नाही. तिचंही वय झालेलं.

वारा नव्हता. धूर सुतासारखा सरळ चढत होता.
फक्त एके जागी, तिसऱ्या सिलिंडरपाशी,
तो दचकला.
टक, दचकला. टक, दचकला.
कुणीतरी आतून फुंकर घालत होतं.

'आजी, तवा इथेच धरा.'
बॅटरी पेटली. मॅनिफोल्डच्या कडेला
काजळाची बारीक रेघ,
आणि जिथे स्टडचं डोकं असावं
तिथे नुसतं गंजलेलं भोक.
लोखंड तापतं, फुगतं, फट आपली आपण बुजवतं.
म्हणून फाटकाशी गप्प.

'मरणाचं काही नाही,' तो म्हणाला.
'पण आत्ता हात लावला तर बाकीचेही मोडतील.
एप्रिलमध्ये आण.'
पैसे घेतले नाहीत. कुर्तचे चार गोळे खिशात टाकले,
पाचवा तोंडात, स्क्रूड्रायव्हरच्या जागी.

कलीपानं गल्लीभर सांगितलं,
बाधा होती, धुरानं सापडली.
तुर्दाकूनला विचारलं तर तो मान हलवतो, हो.
प्रश्न ऐकू आला होता की नाही, कोण जाणे.

टकटक आहेच अजून.
जानेवारीत ती शाळेच्या वळणापर्यंत सोबत करायची.
बुरूल आता थर्मामीटर बघत नाही.
काल ती पुलाच्या अलीकडेच थांबली.
बुरूलनं काच खाली केली,
खात्री करून घ्यायला,
आणि खालून, बर्फाच्या आतून,
नदी ऐकू आली.