पंचविसावा खडा

पहिल्या डब्यात सेकंदाला एक खडा पडतो.
पंचवीस झाले की डबा रिकामा,
आणि शेजारच्या डब्यात एक.
एवढंच यंत्र. पुढे सगळं पुन्हा तेच.

हा हिशेब मी खेळात शिकलो नाही.
विडी घरकुलात, उंबऱ्याशी बसून
अम्माच्या सुपातून शिकलो :
पंचवीस विड्यांचा कट्टा,
चाळीस कट्ट्यांचे हजार,
हजाराला मजुरी, त्यातून छाट वजा.

टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळी.
सकाळी घरी आलो की झोपायच्या आधी
जुन्या बाजारातल्या कॉम्प्युटरवर
चौकोनी दगडांच्या त्या जगात
एका टेकडीचं पोट कोरून
मी डबे मांडायचो.

दुसरा भरायला साडेदहा मिनिटं.
तेवढ्यात चहा होतो.
तिसऱ्याला चार तास वीस मिनिटं.
चौथ्याला साडेचार दिवस,
म्हणजे साधारण आमच्या गल्लीत
एका पाण्यापासून दुसऱ्या पाण्यापर्यंत.
पाचव्याला एकशे तेरा दिवस. सहाव्याला पावणेआठ वर्षं.
सातव्याला एकशे त्र्याण्णव.
आठवा भरला की टेकडीवर दिवा लागणार :
चार हजार आठशे पस्तीस वर्षांनी.

इम्तियाज म्हणाला, काय करालास बे,
कुणाला उठवायला लावलास एवढा गजर?
मला सांगता येईना.
त्यात मी टेकडीपासून लांब गेलो
की खडे हवेतच थांबतात.
आणि घरकुलात लाईट गेली
की शतकंही थांबतात, पंखाही.

खरी काळजी वेगळीच होती.
एखादा डबा उलटा बसला असेल तर?
सहाव्याची खात्री करायची
तर मी एकतीस वर्षांचा होणार.
आठव्याची कुणी करायची?

हे मी मोठ्यानं बोललो असणार.
अम्माचे हात थांबले नाहीत.
पान, चिमूट, वळण, दोऱ्याचा फास.
कितीला भरतो म्हणलास एक डबा?
पंचविसाला.
मग सगळ्यात चोवीस चोवीस घाल की.
हजारात एक कमी असली तर माल अपुराच,
ती वळली की भरला.
मधल्या नऊशे नव्व्याण्णव
कुणी बघायला येतंय का?

मी आठही डब्यांत चोवीस चोवीस घातले.
आठ डबे, एका खड्याच्या अलीकडे.
पंचविसावा सोडला :
पहिला रिकामा, दुसरा, तिसरा,
चौथा पाचवा सहावा भराभर,
सातवा अडला.
त्याचं तोंड भिंतीकडे होतं.
एकशे त्र्याण्णव वर्षांनी उघडकीला येणारी चूक
सकाळी सव्वानऊला सापडली.

डबा फिरवला. पुन्हा चोवीस, पुन्हा एक.
टेकडीवर दिवा लागला.
पिवळा, नखाएवढा.
सगळं रिकामं होताना
सेकंदभर राहिला आणि विझला.
अम्मानं चष्मा कपाळावर सरकवून
ते अठ्ठेचाळीसावं शतक का कितवं ते पाहिलं.
बारीक हाय, म्हणाली.
आणि सूप पुढे ओढलं.

मग मी खेळातल्या माणसाला
टेकडीच्या पोटात उभा करून
खराखुरा पहिला खडा सोडला.

अकरा झाले असतील,
तेवढ्यात बाहेर पाइपात हवा खाकरली,
पलीकडून आडमबाई ओरडल्या, आलं, आलं,
आणि गल्लीभर घागरींचा आवाज उठला.

मी मोटर जोडायला धावलो.
तो तिथेच उभा होता,
भिंतीकडे तोंड करून, न पापणी लववता,
आणि त्याच्या बाजूला
बारा, तेरा,
अम्माच्या ओठांवर वेगळाच आकडा,
चौदा