समुद्राच्या दिशेनं

टाउरीनं तार्तूहून कॅमेरा पाठवला, त्याचा जुनाच.
पट्ट्याला अजून त्याच्या मानेचा वास.
सोबत चिठ्ठी: आजी, गुडघा बरा होईतो
खिडकीतून काहीतरी टिपत जा.
काहीतरी म्हणजे काय, ते लिहिलं नव्हतं.

आमच्या हिउमा बेटावर जूनमध्ये रात्र नावालाच.
तीनला उठते. उजेड ताकासारखा पातळ.
काच पुसून, चष्मा शोधून, बटण सापडेपर्यंत
मघाचा गुलाबी गेलेला असतो
आणि हेरिंगच्या पोटासारखं काहीतरी
ज्युनिपरच्या झुडपांवर येऊन टेकलेलं.
आभाळ फोटोसाठी थांबत नाही,
घाईतल्या पाहुण्यासारखं उंबऱ्यातूनच बोलतं.
तरी काढते. एकाच खिडकीतून एकशे चाळीस झाले.
शेजारची हिल्या म्हणाली, सगळे सारखेच गं.
म्हटलं, तुझे पावही सारखेच असतात,
मग दर शनिवारी कशाला भाजतेस?

पहिल्या आठवड्यात करकोचे सगळे बिनडोक्याचे आले.
डोकं माझंच ठिकाणावर नव्हतं, म्हणा.
सफरचंदाखाली एल्कची मादी उभी होती,
तिचा मागचा भाग तेवढा मिळाला,
आणि निघून जाण्याचा ठामपणा.

याच खिडकीतून लहानपणी
सर्चलाइट आत यायचा, भिंतीवरून सरकत
आईच्या तोंडावरून जायचा. ती डोळे मिटायची नाही.
समुद्राचा फोटो काढायला बंदी होती.
माझ्या आठव्या वाढदिवसाला बाबांनी मला अंगणात उभं केलं,
मागे चुकून समुद्र आला, बोटभर.
शिपायानं फिल्म उन्हात ओढून काढली,
मासा साफ करताना आतडं काढतात तशी.
त्या वर्षीची मी कुठेच नाही.

रोज संध्याकाळी ते किनारा दाताळ्यानं विंचरत.
सकाळी वाळूत पाऊल दिसलं की गावभर चौकशी.
एकदा दिसली: एका ओळीत, नीट,
कुणीतरी टीप घालावी तशी, थेट पाण्यापर्यंत.
कुत्रा आला, साहेब आला, वाकून बघितलं.
मग गंभीरपणे वहीत लिहिलं:
कोल्हा, एक. समुद्राच्या दिशेनं. परतल्याची खूण नाही.
आम्ही पोरं हसलो, आईनं दंडाला चिमटा काढला.
नंतर रात्री तीही हसली,
उशीत तोंड खुपसून, बराच वेळ.

आज चार वाजून वीस मिनिटांनी
न विंचरलेल्या वाळूवरून तो आला.
लाल, ओला, एक कान फाटका.
थांबला. माझ्याकडे बघितलं, का काचेकडे, कोण जाणे.
हात थरथरला, तरी बटण दाबलं.

टाउरीला पाठवला. मागे समुद्र आलाय,
आडवा, अख्खा, कुणाला न विचारता.
त्याचं उत्तर आलं: आजी, कोल्हा हललाय.
हलणारच, म्हटलं.
किती लांबून आलाय तो.