मागची पानं

वही एकच, दोन्ही बाजूंनी लिहायची.
पुढून हजेरी. मागून तण.

पुढच्या पानावर आमचे नियम आहेत.
पंचफुलाबाईने सांगितले, मी उतरवले,
कारण टोळीत दहावीपर्यंत गेलेली मीच.
निरोप आदल्या रात्री, सकाळी दारातून हाक नाही.
ऑटोचं भाडं वावरवाल्याचं.
घ्यायच्या तर अकराच्या अकरा,
म्हातारी म्हणून कौतिकाला वगळायचं नाही,
तिची पात मागे राहिली तर आम्ही ओढून नेऊ.
फवारल्यावर चार दिवस त्या वावरात पाय नाही:
हे कलम शेवटी आलं,
निरुताच्या तळहातांची सालं निघाली त्या पोळ्यानंतर.
कलम हा शब्द माझा.
पंचफुलाबाई म्हणाली, "कलम आंब्याचं अस्ते."

भोयरांनी सगळं वाचलं, वही परत दिली.
"आता फवारा हाय ना पोरी.
दोन गडी, एक दिवस, सात एकर साफ."
आणि खरंच साफ.
तीन हंगाम आमची खुरपी
चुलीमागच्या भिंतीला खोचलेली.

मागची पानं सुरू झाली कृषी केंद्राच्या मॅडममुळे.
महिन्याचे बाराशे.
फवारणीनंतर एकविसाव्या दिवशी जायचं,
चार काड्यांची मीटरभर चौकट तासात टाकायची,
आत काय मेलं, काय करपून पुन्हा फुटलं,
काय जसंच्या तसं, ते मोजायचं.

भोयरांचं वावर, धुऱ्यापासून नववं तास.
कुंजरू मेलं. दुधी मेली.
तांदुळजा मेला, आमच्या भाजीसकट.
केना सतरा. जिवंत सतरा.
निळं फूल, दुपार व्हायच्या आत मिटलेलं,
आणि उपटला तर मुळाशी पांढरे कोंब:
हा मातीतसुद्धा फुलतो, मातीतच बी धरतो.
मॅडम म्हणाल्या, तो पहिल्यापासूनच चिवट, त्याचं नवल नाही.
गेल्या वर्षी मेलेलं यंदा उभं असेल, ते शोध.

काटेमाठ. तीन.
खालची पानं जळकी, शेंडा हिरवागार.

रात्री पंचफुलाबाईला सांगितलं.
ती तंबाखू मळत राहिली.
"तीनच?"
"तीनच."
"बी धराले किती दिस?"
"पंधराएक."
कौतिका कोपऱ्यातून बोलली,
"नोको लिवू ना वो. पडू दे बी.
पुढच्या सालापासून बलावतेत का नाई पाय आपल्याले."

मी पुढच्या पानाच्या समासात गुणाकार केला.
अकरा बाया, एक अख्खा श्रावण.
आकडा चांगला आला.
निरुताच्या पोरीचा दवाखाना त्यात बसत होता,
आमच्या घराची दोन टिनंही.
मागच्या पानावर तारीख घातलेली, खाली कोरं.

लिहिलं शेवटी. तीन.
कारण मोजायला बसवलंय मला,
आणि खोटं मोजायचं तर भोयर काय वाईट होते,
आमची हजेरी तेही तसेच मोजायचे,
पाच मिनिटं उशीर की अर्धा दिवस.

सकाळी आम्ही तिघी त्यांच्या धुऱ्यावर.
पंचफुलाबाईने नवा नियम तोंडीच सांगितला:
तीन आठवड्यांनी एकदा अकरा बाया
सातही एकर चालतील, तासातासाने,
दिसलं की मुळासकट.
रोजी पूर्ण.
भोयर हसले.
"अन् काहीच नाई सापडलं त?"
"त्याचेच पैसे देजो," ती म्हणाली,
"नाई सापडल्याचे."

त्यांनी हो म्हटलं नाही.
मोबाईल काढला, हिशेब करू लागले,
एक आकडा पुसला, पुन्हा टाकला.
मी त्यांना नववं तास दाखवत होते,
तर कौतिका, रात्री नको लिहू म्हणणारी,
डोळ्यांवर हाताची सावली धरून
भलतीकडेच, बाराव्या तासाकडे बघत होती.
"चौथा," ती म्हणाली,
आणि पदर खोचून आत शिरली.